रुंद दाराची केबिन

धाकटे,

दूध तापवून झाकून ठेवलंय. क्रूझच्या बुकिंगवाल्या मुलीचा फोन आला होता. म्हणाली, "आजी, चाकांच्या खुर्चीवाल्यांची रुंद दाराची केबिन रद्द करून बाल्कनीवाली दिलीय. तुमच्या बहीणबाई म्हणाल्या, तुम्ही घरात चालता, खुर्ची नुसती सवयीची आहे."

त्या बाल्कनीवाल्या केबिनच्या न्हाणीघराला उंच उंबरठा आहे, माझी खुर्ची दारातच अडकेल, हे आपण दोघींनी मिळूनच पाहिलं होतं ना गं?

तुला बाल्कनी हवी होती, तर माझ्याशी भांडायचंस. लहानपणी बसमध्ये खिडकीसाठी किती ओरबाडायचीस मला! तेही चाललं असतं. पण मी चालते, असं परक्या माणसाला कसं सांगवलं तुला? माझे पाय गेले तेव्हा दवाखान्यात उशाशी तूच बसली होतीस.

शेजारच्या मास्तरीणबाईंबरोबर त्या ऑफिसात जातेय. रुंद दाराची केबिन परत घेणार, माझ्या एकटीच्या नावावर. आंघोळीला हात द्यायला जहाजावर बाई मिळते, तेही विचारून घेतलंय. तुझी बाल्कनी तुला लखलाभ.

तुझ्याशिवाय आजवर कुठे गेले नाही. या वेळी जाऊन बघते.

ताई