लाल गाडीचा पोळा

२२ ऑगस्ट, पोळा

आज पुन्हा तेच! बैल दारात आले, आईने त्यांचे पाय धुतले, घास भरवला, आणि ओट्यावरून बाबांनी गोविंदाचं नाव काढलं. "त्या गोविंदानं माह्या गाडीचा जीव घेतला."

साठ वर्षं झाली त्याला. गाडी म्हणजे लाल एमजी — दोघांपुरती, वर टप नसलेली. आजोबांनी खामगावच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली. सोनाळ्यात तोवर लोकांनी फार तर जीप पाहिली होती. गोविंदा तिचा ड्रायव्हर. मी गाडीही पाहिली नाही आणि गोविंदाही. पण पोळ्याला पुरणपोळी आणि गोविंदाला शिव्या, हे आमच्या घरचं ठरलेलं ताट.

आई उठून आत गेली. दरवर्षी जाते. मला वाटायचं, ऐकून कंटाळत असेल.

२३ ऑगस्ट

दोन तारखेला अकोल्याला आईच्या हृदयाचं ऑपरेशन. झडप बदलायची. तिला न्यायलाच मी आले आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, आता लांबवू नका. बॅग भरायला घेतली तर म्हणते, "मी नाई येत. आधी गाडी शोध."

कुठली?

"थेच. लाल."

डोकं फिरलं माझं. म्हटलं, आई, झडप तुझी बिघडली आहे, गाडीची नाही. ती हसली नाही. दार लोटून घे म्हणाली. मग सांगितलं.

लग्नानंतरचा तिचा पहिला पोळा. बाबांनी हौसेने गाडीलाही झूल घातली, बाशिंग बांधलं, बैलांच्या रांगेत तोरणाखाली उभी केली. घरी आल्यावर नव्या सुनेने सगळ्यांना ओवाळून घास द्यायचा. बैलांचं झालं. मग गाडी. आईने विचारलं, हिचं तोंड कुठे? कुणीतरी मागचं पेट्रोलच्या टाकीचं झाकण दाखवलं. आईने गुळवणीत पुरणपोळी कुस्करली आणि आत सोडली. नीट, न सांडता.

"तोंड मागे कसं असेल, असं नाही वाटलं तुला?"

"वाटलं. पन नवी नवरी इचारते का?"

मला हसू फुटलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मग दिसलं.

त्याच संध्याकाळी शेगावच्या वाटेवर गाडीने उचक्या दिल्या आणि बंद पडली. पुन्हा धड चाललीच नाही. बाबांनी चारचौघांत गोविंदाला बोल लावला आणि कामावरून काढलं. आईला सगळं उमगलं होतं. पण तोंड उघडलं नाही. पुढे गाडी भंगारात गेली. तिथून ती गोविंदानेच नेली, एवढं तिच्या कानावर आलं होतं.

"गाडी सापडली त गोविंदा सापडंल. नाई त त्याचं मानूस तरी. हे ओझं घेऊन मी त्या टेबलावर झोपनार नाई, पुष्पे."

झाकण कुणी दाखवलं होतं, विचारलं. "एवढी मानसं होती. कोन याद ठेवते," म्हणाली आणि कूस बदलली.

२४ ऑगस्ट

बाबांना कळता कामा नये, असं आईने बजावलंय. उद्या कुठे चाललीस, त्यांनी विचारलंच. म्हटलं, शेगावला, दर्शनाला. महाराज समजून घेतील.

२५ ऑगस्ट

शेगावच्या वाटेवर वरवट बकालला स्टँडजवळच्या जुन्या गॅरेजात विचारलं. म्हातारा मिस्त्री म्हणाला, "लाल? वरातीची? थे त कवाच शेगावले इकली." तिथल्या एका मंडपवाल्याचा पत्ता दिला. खरंच शेगावला जावं लागलं मग.

सापडली! आणि मी ओळखलीच नाही. सोनेरी रंग, पुढे फायबरचा मोर, बाजूंना हत्ती, आत मखमली सिंहासन. ट्रॅक्टरने ओढतात. मंडपवाला कौतुकाने म्हणाला, "ताई, लग्नतिथ्या लागल्या की या बग्गीले फुरसत नसते." मी मागे गेले. टाकी तशीच, झाकणही तेच. उघडून वास घेतला. साठ वर्षांनी काय वास येणार होता? गंज आणि धूळ. तरी घेतला.

त्याच्या वडिलांनी ती वरवटच्या गोविंदा ड्रायव्हरकडून घेतली होती. गोविंदाने तिला जीपचं इंजिन बसवलं आणि कितीतरी वर्षं वरातीत चालवली. ज्या नवरदेवांना कुणी घोडं देत नसे, त्यांची वरात आधी, तीही फुकट. "गोविंदाबुवा गेले, ताई. पोरगी हाय वरवटले. नर्स हाय."

गेले. आता आईला काय सांगू?

२७ ऑगस्ट

सांगितलं. आई उठून बसली. मग म्हणाली, "पोरगी त हाय."

२८ ऑगस्ट

वरवटला गोविंदाची मुलगी भेटली. धम्मशीला, माझ्याहून थोडी लहान. मी खुर्चीत टेकायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, पुरणासकट. तिने शांतपणे ऐकलं, चहा ठेवला.

"ताई, आमच्या बाबाले माहीत होतं."

गाडी बंद पडली तेव्हा टाकी त्यांनीच खोलून धुतली होती. तळाशी पुरणाचा गाळ.

मग बोलले का नाहीत?

"म्हनत, नवी पोर हाय. सारं गाव जलमभर हासलं असतं तिच्यावर. मले काय, दुसरी गाडी भेटंल."

मला रडू आवरेना. पाण्याचा ग्लासही तिलाच आणावा लागला. रागावले नाहीत का ते, मी विचारलं.

"रागावले न. पन काकूवर नाई."

मग कुणावर?

"जाऊ द्या, ताई. चहा घ्या."

३० ऑगस्ट

धम्मशीला आज घरी आली. बाबा ओट्यावर होते. कोण ही, म्हणाले. मी सांगितलं, गोविंदा ड्रायव्हरची मुलगी. आता काय ऐकावं लागणार म्हणून माझा जीव मुठीत! पण ते उठले आणि शेताकडे गेले. काठी ओट्यावरच राहिली.

आत आईने तिचे दोन्ही हात धरले. मनाशी जुळवलेलं सगळं विसरली. "बाई, थो घास मीच..."

"माहीत हाय, काकू."

मग धम्मशीलेने आईची नाडी पाहिली, गोळ्यांची पाकिटं पाहिली आणि चक्क रागावली. "इतके दिस काऊन थांबल्या तुम्ही? दोन तारखेले जायाचं म्हंजे जायाचं." जे मला आठवडाभर जमलं नाही, ते तिला एका वाक्यात जमलं. आई मुकाट्याने हो म्हणाली. जेवलीही पोटभर.

१ सप्टेंबर

निघालो. बाबा येणार नव्हते. पण धुतलेला सदरा घालून पुढच्या सीटवर येऊन बसले. गाव मागे पडल्यावर म्हणाले, "वरवटले थांबव. गोविंदाच्या पोरीकडं."

कशाला, बाबा?

"झाकन मीच दाखवलं होतं. गंमत म्हनून. हिनं खरंच भरवलं, थे दुसऱ्या दिवशी समजलं. तवर त्याले काढून बसलो होतो."

आरशात आईकडे पाहिलं. तिला नवल वाटलेलं नव्हतं. तिने मागून हात घालून त्यांच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली.

धम्मशीलेच्या दारात बाबांनी चपला काढल्या. आई आणि मी गाडीतच बसून राहिलो.