सोनबातात्यांचा खुलासा

३ नोव्हेंबर, सोमवार

आज नोकरीचा पहिला दिवस. मोशीत बॅटरीच्या दुकानावरच्या मजल्यावर ‘पहिला भोंगा’चं ऑफिस आहे. इथे कागदावर काही छापत नाहीत, सगळं मोबाईलवर. कुठे ट्रेलर उलटला, कुणाकडे पाणी आलं नाही, कोणत्या नेत्याचा वाढदिवस, सगळं आधी ‘भोंग्या’वर येतं. बाबा चाकणला फोर्जिंग कंपनीत आहेत. त्यांच्या लाइनवरची माणसं डबा खाताना हेच पेज बघतात म्हणे. सकाळी त्यांनी मला रिक्षात बसवलं आणि कारण नसताना रिक्षावाल्याला सांगितलं की पोरगी पत्रकार आहे. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

मालक दिग्विजयदादा इथल्या जुन्या शेतकरी घरातले. त्यांच्या उसाच्या जागेवर आता सोसायट्या आहेत. मोकळं बोलतात. म्हणाले, योगिनीताई, तू शुद्धलेखन बघ, बाकीचं आमी बघतो. शेजारच्या टेबलावरची स्नेहल व्हिडिओत बातम्या वाचते. तिने मला खिडकीजवळची खुर्ची दिली. चाक निखळतं, पण वारा छान येतो म्हणाली.

५ नोव्हेंबर

इथली एक पद्धत खटकली. परिसरातलं कुणी ओळखीचं माणूस दवाखान्यात दाखल झालं की त्याचा फोटो मागवून काळ्या चौकटीत बसवून ठेवतात. हार, समई, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, सगळं तयार. फक्त बटण दाबायचं राहतं. माणूस बरा होऊन घरी गेला तर पुसून टाकतो, त्याला काय कळतंय, असं स्नेहल म्हणाली. मयताची बातमी गरम असेपर्यंतच चालते, दुसऱ्याने आधी टाकली की आपली कोण बघणार, हे दादांचं म्हणणं.

चुकून आधी दाबलं गेलं तर, असं मी विचारलं. दादा हसले. मग म्हातारा शंभर वर्षं जगतोय, म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

६ नोव्हेंबर

दाबलं गेलं.

मोशीचे सोनबातात्या, बैलगाडा शर्यतीत झेंडा दाखवणारे. पंचक्रोशीत त्यांना ओळखत नाही असं कुणी नाही. चार दिवस दवाखान्यात होते. सकाळी कुणीतरी ग्रुपवर ‘तब्येत नाजूक’ असं टाकलं आणि दादा म्हणाले, आत्तापर्यंत गेलेच असतील, बातमी सोड. दुपारपर्यंत पेजवर नुसते हात जोडलेले.

त्यांची थोडी माहिती जोडावी म्हणून मी घरी फोन लावला. फोन तात्यांनीच उचलला. कालच घरी सोडलं, दूधभाकरी खातोय म्हणाले.

दादांना सांगितलं, बातमी काढा. ते म्हणाले, चालू गाडीतून उतरायचं नसतं, संध्याकाळी बघू. मी म्हटलं, लोक आपल्यावर विश्वास ठेवतात. त्यावर ते जे बोलले ते तसंच लिहून ठेवते. म्हणाले, ‘आपण देऊळ चालवतो व्हय गं? दुकान हाय. दुकानात माल मागावा, पुण्य मागू न्हाई.’ दुकानदाराचाही काटा खरा असावा लागतो, असं मी म्हटलं. ते म्हणाले, ‘गिऱ्हाईकच काटा बघत न्हाई, ताई. त्याला पुडी पायजे, ती बी पहिली.’

७ नोव्हेंबर

खुलासा टाकायची परवानगी मिळाली. नीट लिहिला. सोनबातात्या सुखरूप आहेत, चुकीबद्दल दिलगिरी. सोबत त्यांचा हसरा फोटो.

संध्याकाळी उघडून बघितलं. त्या खुलाशाखाली लोकांनी लिहिलंय: भावपूर्ण श्रद्धांजली. तात्यांच्या आत्म्यास शांती लाभो. एकाखाली एक. फोटो बघितला आणि लिहिलं. वाचलंच नाही कुणी. मी प्रत्येकाला उत्तर लिहीत बसले, ते जिवंत आहेत, ते जिवंत आहेत. त्या उत्तरांनाही लोकांनी हात जोडले.

बाबा म्हणाले, एवढी माणसं म्हणतात म्हणजे काहीतरी असेलच की.

९ नोव्हेंबर

तात्यांचा फोन आला. आवाज खूप लांबून आल्यासारखा. म्हणाले, ‘पोरी, मी मेलो म्हणून पावणी आली. मी आदी हसलो. पण हसल्यालं कुणाला ऐकूच गेलं न्हाई बघ.’

गोजाबाई, त्यांच्या कारभारीण, त्यांनी कुंकू पुसलं. तात्या समोर उभे होते. शेजारणींनी पिठलं-भाकरी आणली, सगळ्यांना वाढली, तात्यांपुढे ताट नाही. तात्या म्हणाले, ‘तूच लिवलंस न्हवं? आता तूच खोड.’

खोडणार कसं? मूळ बातमी अजून तशीच आहे. पेजवर इतकं काही कधी चाललं नव्हतं म्हणे.

११ नोव्हेंबर

तात्या आज ऑफिसात आले. धोतर, टोपी, हातात काठी. जिना चढून धापा टाकत होते. दादांच्या टेबलासमोर उभे राहून बराच वेळ बोलले. दादा मोबाईल बघत राहिले. मला वाटलं, मुद्दाम करतात.

मग स्नेहल चहा घेऊन आली. ती सरळ चालत आली, जिथे तात्या उभे होते तिथूनच, आणि तात्याच बाजूला झाले. तिने मान वर केली नाही. मी तिला म्हटलं, अगं, तात्या. ती म्हणाली, हो ना गं, फार वाईट झालं.

त्यांचा हात धरून मी त्यांना जिन्याखाली पोचवलं. हात गरम होता. नाडी लागत होती. हे मी शपथेवर लिहिते.

१३ नोव्हेंबर

झोप नाही. मनात एकच घोळतंय. दुकानाकडून खरेपणा मागणारी मी वेडी का? पण माणूस जगायचा तर कुणीतरी खरं सांगायलाच हवं. दादांनी नाही, वाचणाऱ्यांनी नाही, मग—

शनिवारी दशक्रिया. इंद्रायणीकाठी, मंडप, प्रवचन, पुढाऱ्यांची भाषणं. ‘भोंगा’ लाईव्ह दाखवणार आहे. स्नेहलला सर्दी, म्हणून फोन माझ्या हातात. तिथे लाईव्हमध्ये तात्यांना उभं करीन. स्वतःच्या तोंडाने बोलतील. मग कोण नाही म्हणेल?

तात्यांना कळवलं. ते रडले.

१५ नोव्हेंबर, दवाखान्यात

डोक्याला टाके. तरी लिहिते.

तात्या आले होते. स्वतःच्या हार घातलेल्या फोटोशेजारी उभे राहिले. मी फोन त्यांच्यावर धरला. स्क्रीनवर मंडप, फोटो, नदी. तात्या नाहीत. डोळ्यांनी बघावं तर आहेत.

मी ओरडले. ते इथे आहेत, जिवंत आहेत, आम्ही खोटं टाकलं, पैशासाठी खोटं टाकलं. खाली भराभर हात जोडलेले येत होते. दादा धावत आले, फोन ओढला. मी घाटाच्या पायरीवरून—

शुद्ध आली तेव्हा तात्यांबद्दल विचारलं. नर्स म्हणाली, कोण तात्या?

मघाशी स्नेहल येऊन गेली. माझ्या ओळखपत्राचा फोटो काढून घेतला. कशाला म्हणून विचारलं. दादांनी मागितलाय, म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

१६ नोव्हेंबर, सकाळ

घरी सोडलं. दादांना फोन केला. फोटो चौकटीत बसवू नका म्हणून पाया पडले. ते म्हणाले, ‘लोकं इचारत्यात, ताई. मागं राहून कसं चालंल?’ आणि मग— हॅलो, हॅलो, कोण बोलतंय— असं म्हणत राहिले.

दुपार

पेजवर मी. हार, समई.

खुलासा लिहिला. पाठवला. त्याखाली हात.

संध्याकाळ

बाबा शिफ्ट सोडून आले. चार माणसांनी धरून आणलं त्यांना. मी दारातच होते— बाबा, बाबा म्हणत होते—

शेजारच्या काकूंनी आईला मोबाईल दाखवला. आईला वाचता येत नाही. फोटो कळतो. तिने हार बघितला आणि—

मी तिच्यासमोर बसलेय. गुडघ्याला गुडघा लागतोय. आई, मी हाय की, म्हणते. ती माझ्यातून भिंतीकडे बघते.

आवाज जात नाही. पण अक्षरं उमटतायत. वहीचं पान फाडून मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं. मी जिवंत आहे. तिच्या डोळ्यांपुढे धरलं. कागद दिसला तिला. हातात घेतला. उलटा धरलाय. काकूंना म्हणते, ‘माज्या लेकराचं अक्षर हाय, वाचा की ओ, काय लिवलंय?’

काकूंनी घेतला. वाचा. काकू, वाचा. वरच्या ओळीवर नजर— आता ओठ हलले— त्या म्हणतायत, भावपू