दोन ठिपक्यांचा कूलर

२४ मार्च
आखूड स्क्रू संपले, तेही ऐन सीझनमध्ये! कूलरच्या पत्र्याला आतून वायरींचा प्लास्टिकचा डबा बसतो. त्याला आखूडच लागतो — टोक बोथट, आटे विरळ. चनबसप्पा मुकादमांनी पत्र्याचे लांब, टोकदार स्क्रू आणून टेबलावर ओतले. म्हटलं, हे डब्यात आरपार जातील. "लई शानी हाईस की! गाड्या उभ्या हाईत बाहेर. मार."

मारले. प्लास्टिक चिरतं तेव्हा बोटांना कळतं. मलाच माझा राग आला.

२५ मार्च
एक डबा उघडून पाहिला. टोक आत येऊन बरोबर वायरीला टेकलंय. आज काही होणार नाही. पण मोटर थरथरते, वायर घासत राहणार. वरचं रबर गेलं की अख्खा पत्रा करंट मारणार — आणि पाणी भरणारं माणूस ओल्या फरशीवर अनवाणी!

मुकादमांना दाखवलं. "काय न्हाय हुत," म्हणाले आणि चहाला गेले.

२६ मार्च
आमच्या कारखान्यात जी ती आपण जोडलेल्या कूलरवर नेलपॉलिशचा ठिपका देते. माझा हिरवा. लांब स्क्रूवाल्यांना मी दोन-दोन दिले, जाळीच्या कोपऱ्यात. आखूड स्क्रू आले की हेच ओढून खोलायचे. शेजारची धनलक्ष्मी हसली, "दोन कशाला? नजर लागंल म्हणून व्हय?" मी कारण सांगितलं.

२८ मार्च
आखूड स्क्रू आले! धावत गोदामात गेले. रिकामं. गाडी सकाळीच भरून गेली. "दुकानात गेली, आनि कुटं?" मुकादम म्हणाले. मालकांना फोन केला. "बघतो," म्हणाले. बघतो म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळतं.

३१ मार्च
सुट्टी टाकून दुकानं पालथी घातली. दोन ठिपक्यांचा एकही शिल्लक नाही. ऊन मी म्हणतंय, कूलर थांबतोय कशाला!

आईचा गावाकडून, कुंभारीहून फोन. उकाड्यानं जीव नकोसा झालाय म्हणे. तिला यातलं काही बोलले नाही. उगाच घोर कशाला?

२ एप्रिल
धाकट्या भावानं, बसूनं गावाकडून फोटो पाठवलाय. घरात नवा कूलर. आई अनवाणी, बादलीनं पाणी ओततेय, एक हात पत्र्यावर. खाली लिहिलंय — "ताई, दुकानात तुझा हिरवा ठिपका हुडकला. ह्याच्यावर दोन हुते, म्हटलं हाच सगळ्यात भारी!"

बसू फोन उचलत नाही. आईही नाही.