बडीशेपेच्या केळ्यांचा ट्रक

पिंप्राळा, जळगाव
नवरात्रातला शनिवार

प्रिय योगेंद्र यास दाजींचे अनेक आशीर्वाद. (‘प्रिय’ हा शब्द रिवाजाने येतो, त्यावरून गैरसमज नसावा.) तुझी प्रकृती ठणठणीत असेलच. माणसाने फोन उचलणं बंद केलं की रक्तदाब आपोआप उतरतो असं ऐकून आहे. धुळ्याची हवा, नरडाण्याची कंपनी, रोजचं जाणं-येणं हे सगळं सुखरूप चाललं आहे असं गृहीत धरून मी माझ्या दुःखाकडे वळतो.

शासनदरबारी मी गेले काही दिवस अस्तित्वात नाही. आमच्या कचेरीत हजेरीसाठी अंगठा दाबायचं यंत्र आहे, आणि माझ्या उजव्या अंगठ्यावर प्लास्टिक चिकटवायच्या गोंदाचा असा थर बसला आहे की त्याखाली अंगठा आहे हे मी निव्वळ श्रद्धेने मानतो. यंत्र रोज सकाळी एका बाईच्या गोड आवाजात म्हणतं, कृपया पुन्हा प्रयत्न करा. मी करतो. मागे रांग वाढते. शेवटी साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, मी आलोय. साहेबांनी मला नखशिखांत पाहिलं आणि म्हणाले, दिसताय खरे, पण नोंद नाही. इतकी वर्षं मी खुर्चीत बसून काहीएक केलं नाही तेव्हा या यंत्राने मला रोज ओळख दिली. जन्मात पहिल्यांदा हाताने काही काम केलं, तर ओळख नाकारली. हा अन्याय मी तुझ्या खात्यावर मांडतो, कारण याचं मूळ तू आहेस.

आठवण करून देतो, नसेल हवी तरी. दोन वर्षांपूर्वी आबांच्या (तुझ्या वडिलांच्या, विसरला असशील तर) छातीत दुखलं म्हणून त्यांना जळगावला दवाखान्यात ठेवलं. ते चोपड्याला परतले तेव्हा अंगणात शेवग्याखाली ट्रक नव्हता, त्याच्या ऑइलचा डाग होता. विकलास तो दवाखान्याच्या बिलापायीच, आणि गाडीही अशी की तिचे कागद संपलेले, आणि चालू करायला अर्धी गल्ली धक्का मारायला लागायची. हे सगळ्यांना ठाऊक आहे, आबांनाही. विचारलं नाहीस, एवढाच गुन्हा. पण ज्या माणसाने उभा जन्म चोपड्याची हिरवी केळी हिरवीच दिल्लीला पोचवली, त्याला डिस्चार्ज कार्डाबरोबर रिकामं अंगण देणं म्हणजे जरा जास्तच झालं. तेव्हापासून ते तुझं नाव घेत नाहीत. तुझा उल्लेख ‘तो नरडाणावाला’ असा होतो, जणू तू त्यांच्याकडे भंगार घ्यायला आलेला कुणी असावास. आणि तूही असा मानी की धुळ्याहून चोपडा दोन तासांवर असताना तुला दोन वर्षं लागताहेत.

आता डॉक्टर म्हणतात, हृदयाची झडप बदलायची, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भरती व्हा, पुढे ढकलण्यात अर्थ नाही. ‘अर्थ नाही’ हे त्यांनी मला बाहेर बोलावून पुन्हा एकदा सांगितलं, आणि डॉक्टर लोक पुन्हा सांगतात तेव्हा फीबद्दल बोलत नसतात. आबांनी साफ नाही म्हटलं. कारण असं: “मांगे मी दवाखानामा गऊ, ते गाडी गई. आते गऊ, ते घर जाई.” या युक्तिवादावर वैद्यकशास्त्राकडे औषध नाही. तरी मी म्हटलं (मी गप्प बसत नाही, हा माझा आजार), आबा, गाडी अंगणात आली तर याल? आबा म्हणाले, “मनी गाडी लई ये, मंग मी येस.” मी म्हटलं, आणतो. माणसाने सासऱ्यापुढे बढाई मारू नये हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नाही.

आबांचा ट्रक तर केव्हाच तोडला गेला, आज त्याचे कुणाच्या तरी घरी पिंप-डबे झाले असतील. पण माझ्याकडे एक ट्रक होता. मृणालीने (तुझ्या भाचीने) पुण्याहून माझ्या पन्नाशीला एक खोकं पाठवलं होतं. माझी अपेक्षा घड्याळाची होती. निघाला प्लास्टिकचे सुटे भाग जोडून करायचा ट्रक, खऱ्याच्या चोवीसाव्या हिश्शाएवढा, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीइतका लांब. एवढं वाचून तुला वाटेल, मग काय, जोडला आणि दिला. तसं नाही. तो कुठल्याशा परदेशी फौजेचा ट्रक होता. रंग शेवाळी, टपावर तोफ, आणि आत हेल्मेटवाले सैनिक. त्याला चोपड्याच्या केळीच्या धंद्यात आणायचा म्हणजे आधी शस्त्रसंधी करणं आलं.

तोफ काढली. चासी मधून कापून लांब केली. मूळची केबिन करवतीने उडवून आइस्क्रीमच्या काड्यांची नवी बांधली, कारण आबांची केबिन लाकडी होती आणि दर पावसाळ्यात फुगायची. (माझी मात्र कोरड्या हवेतच फुगली.) जुन्या छत्रीच्या कापडाची ताडपत्री झाली. रंगासाठी बारीक ब्रश बाजारात मिळेना, तो तुझ्या बहिणीच्या, सविताच्या, रांगोळीच्या डब्यात सापडला. ती म्हणाली, तो योग्याचा, शाळेत असताना घेतला होता त्याच्याकडून, द्यायचा राहिला. मी म्हटलं, आता काय मागतोय तो. केबिन रंगवून, सुकवून, आरशासमोर धरून कौतुक करत असताना सविता चहा घेऊन आली आणि म्हणाली, “आबा डावीकडे बसून चालवायचे का हो?” योगेंद्र, त्या देशात स्टिअरिंग डाव्या बाजूला असतं. मी सगळा ट्रक बांधला आणि आबांना क्लिनरच्या जागेवर बसवलं. तो रविवार केबिन फोडण्यात गेला.

सैनिक मात्र मी वाया घालवले नाहीत. एकाचं हेल्मेट घासून त्याला टिश्यू पेपरची लुंगी नेसवली आणि त्याच्या बंदुकीची टॉमी, म्हणजे चाक खोलायची लोखंडी कांब केली, ती घेऊन तो आता टायर ठोकून बघतो. दुसरा दुर्बिणीतून शत्रू बघत होता, त्याची दुर्बीण कापून चहाचा ग्लास बसवला. चेहरा तोच ठेवला, कारण ढाब्यावरच्या चहाकडे लोक तसंच बघतात. उरली केळी. मातीची केली तर ती चपलेसारखी दिसत. मग एक दिवस जेवण झाल्यावर तळहातावरच्या बडीशेपेकडे पाहिलं आणि मला साक्षात्कार झाला: तोच हिरवा रंग, तोच बाक, अंगावरच्या शिराही त्याच. त्या दिवसापासून मी बडीशेप खाल्लेली नाही, लादली आहे.

पहिल्या माळेला ट्रक खोक्यात घालून, मांडीवर घेऊन आम्ही एस.टी.ने चोपड्याला गेलो. कंडक्टरने विचारलं, काय आहे? सविता म्हणाली, ट्रक. त्यानंतर त्याने आमच्याकडे पाहिलं नाही. अंगणात आबा खाटेवर बसले होते, त्या ऑइलच्या डागाकडे तोंड करून, जसे हल्ली बसतात. डागावर पाट मांडला, पाटावर ट्रक ठेवला. आबांनी नुसतं पाहिलं. शेजारची मंडळी कुंपणाशी आली होती. आणि एवढ्यात तुझ्या मातोश्री हळदकुंकू, नारळ आणि चार लिंबं घेऊन बाहेर आल्या.

मी म्हटलं, आत्याबाई, हे नुसतं मॉडेल आहे. त्या म्हणाल्या, “नवी गाडी शे ना? लिंबू बिगर कशी चालाडशात?” आपल्याकडे नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय ती उंबऱ्याबाहेर जात नाही हे मलाही मान्य आहे. पण मापाचा विचार कर. माझं चाक जेवढं, तेवढंच त्यांचं लिंबू. खऱ्या गाडीपुढे छातीएवढी शिळा ठेवावी आणि ड्रायव्हरला म्हणावं, घाल वरून, तसा तो प्रकार. मी आबांकडे पाहिलं, ते थांबवतील म्हणून. आबा खाटेवरून उठले, (सविताने माझा दंड धरला, कारण ते हल्ली उठत नाहीत) पाटाशी येऊन बसले, ट्रकच्या टपावर हात ठेवला आणि ट्रक लिंबावर घातला. लिंबू जागचं हललं नाही. ट्रकचा पुढचा आस मोडला, असा आवाज आला की शेजाऱ्यांनीही डोळे मिटले. आत्याबाईंनी त्याच ओघात नारळ उचलला. तेव्हा मी ट्रकवर पालथा पडलो. जावयाला पालथं पडलेलं पाहण्याची कुंपणावरच्या मंडळींची बऱ्याच दिवसांची इच्छा असावी, ते मनापासून हसले.

आबा हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला केलं, ट्रक उलटा केला, खाली बघितलं आणि म्हणाले, “पाटा गया.” (म्हणजे आसाबरोबर त्यावरची स्प्रिंगही.) मग त्यांनी चष्मा मागितला. दोन वर्षांत त्यांनी स्वतःहून चष्मा मागितल्याचं कुणाला आठवत नाही. झाडूची काडी मागितली, दोरा मागितला, आणि दुपारभर मांडीवर गाडी घेऊन आस बांधला. मधून मधून लादलेल्या मालातली चिमूट तोंडात टाकत होते. संध्याकाळपर्यंत एक फणी संपली. मी सविताला डोळ्याने खुणावलं, जमलं. आबांनी ट्रक डागावर ठेवला, चारी बाजूंनी पाहिला, केबिनवरच्या पाटीवर नखाने रेघ ओढली (नावाची ती पाटी मी त्यांच्याच हुकमाने कोरी ठेवली आहे), आणि म्हणाले, “बठ्ठं बरोबर शे. पन हाई मनी गाडी नही.” सगळं बरोबर, फक्त गाडी त्यांची नाही; आणि चष्मा काढून ठेवला. म्हणजे दवाखानाही नाही.

तेव्हापासून मी चूक शोधतो आहे. आरसे लहान वाटले म्हणून मोठे केले. मागचा दिवा बदलला. ताडपत्रीला ठिगळ लावलं, कारण मूळची ठिगळाची होती. काल कचेरीतून (जिथे मी नाहीच, तिथून रजा कसली) पुन्हा चोपड्याला जाऊन आलो. आबांनी पाटीवर पुन्हा नख फिरवलं आणि तेच म्हणाले. दसरा तोंडावर आला आहे, डॉक्टरचा फोन रोज येतो, आणि तो मी उचलतो, कारण आपल्या घरात कुणीतरी फोन उचलायला हवा. तेव्हा एवढंच कळव: गाडीचा पुढचा बंपर पिवळा होता की नारंगी? माझ्याजवळच्या जुन्या फोटोत तो उन्हात चमकतो आहे. माझ्या मते घोडं बंपरपाशी पेंड खातं आहे. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा दाजी,
प्रेमराज

ता. क. बंपर पिवळा होता. मला ठाऊक आहे. त्यावर मी उभा राहून लग्नाच्या वरातीत फोटो काढला आहे. त्याबद्दल लिहू नकोस.

ता. क. २. काल निघताना तुझ्या मातोश्री मला फाटकापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, “जवाईबापू, पाटी कोरी शे.” मी म्हटलं, आबांनीच सांगितलं, नाव घालू नको म्हणून. त्यावर त्या म्हणाल्या, “त्या ते सांगतीनच,” (आबा तर तसं सांगणारच) आणि कडी लावून आत गेल्या. इतकी वर्षं कचेरीत बसून मी ओळींमधलं वाचायला शिकलो आहे असा माझा समज होता.

ता. क. ३. तुझं नाव मी त्या पाटीवर लिहून पाहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. अंगठ्यात पकड नाही हा एक भाग. दुसरा असा की आबांच्या गाडीवरचं तुझं नाव रंगाऱ्याने लिहिलेलं नव्हतं. ते तू नववीत असताना ऑइलच्या पिंपावर चढून लिहिलंस, पिंप कलतं होतं म्हणून अक्षरं उतारावरून घसरल्यासारखी उजवीकडे खाली गेली, आणि आबांनी ती गाडी तशीच दिल्लीपर्यंत फिरवली, कुणाला हात लावू दिला नाही. तो उतार मला जमत नाही. कुणालाच जमायचा नाही. खंडेनवमीला ट्रक शेवग्याखाली पाटावर असेल, पूजा सकाळी आहे. आबांना काही सांगितलेलं नाही. तू येऊन काही बोलू नकोस, तुम्ही दोघे बोललात की बिघडतं. बसायचं आणि लिहायचं.

ता. क. ४. लिंबं आम्ही लपवून ठेवली आहेत.

ता. क. ५. पाकिटात कागदात गुंडाळून ब्रश ठेवला आहे. धुतला आहे, टोकाला साबण लावला आहे. तुझा होता.