डिझेल कुठं अडलंय

प्रिय पोरी,

फोनवर तू गाडीचं विचारलंस आणि मी ‘बरी आहे’ म्हणून विषय बदलला, कारण तुझी आई शेजारीच बसली होती. बरीबिरी काही नाही. आठवडा होऊन गेला, ट्रक जागचा ढिम्म हलत नाहीये आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. डॉक्टरनं स्टिअरिंगला हात लावू नका म्हणून सांगितलंय, ते तुला आईनं कळवलं असेलच. डॉक्टरचं काय जातंय बोलायला! जन्मभर ज्या हातांनी गाडी चालवली ते हात आता काय खुंटीला टांगून ठेवू? त्याच्यासमोर मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विटांची खेप आणायला निघालो. सेल्फ मारला, इंजिन लागलं, मिनिटभर नीट चाललं, मग दोन आचके दिले आणि बंद. तेव्हापासून जे मौन धरलंय ते धरलंय.

बॅटरी चांगली आहे, सेल्फ दणकून फिरतो, म्हणजे दुखणं डिझेलचं, एवढं कुणीही सांगेल. टाकीत काठी बुडवून पाहिली, अर्ध्याच्या वर ओली. मग फिल्टरवरचा नट सैल करून डिझेल वर ओढायचा हातपंप मारत बसलो. आधी चार बुडबुडे आले, नंतर तेही नाहीत, कोरडा ठणठणीत. म्हटलं फिल्टर चोंदला असेल, नवा घातला. नाही. टाकीतलं डिझेल इंजिनाकडे ढकलणारा फीड पंप उतरवला, ओट्यावर वर्तमानपत्र पसरून खोलला, वॉशर बदलले, परत बसवताना बोटाचं सालटं काढून घेतलं. नाही ते नाहीच. शेवटी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं खाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. उभ्या उभ्या म्हणाला, काका, हिला आता भंगारात द्या, आणि वर चहा पिऊन गेला. उंटावरून शेळ्या हाकतोय लेकाचा! मी त्याच्या मागे पाना फेकणार होतो, पण तुझ्या आईनं तो आधीच उचलून ठेवला होता.

मग पाइपाचा नंबर लागला. पंपाकडचं टोक सोडवायचं आणि त्यात तोंडानं फुंकायचं. वाट मोकळी असेल तर टाकीत बुडबुड ऐकू येते. पण एकटा माणूस दोन्हीकडे कसा असणार? म्हणून तुझ्या आईला टाकीपाशी उभं केलं. ती टाकीच्या तोंडाला कान लावून उभी, मी खाली उताणा पडून फुंकतोय, गाल फाटायची वेळ आलीय, तोंडात डिझेलची घाण चव, आणि मधूनमधून ओरडून विचारतोय, आला का आवाज? ती म्हणतेय, नाही हो, काहीच नाही. वर म्हणाली, पुन्हा फुंका बघू जरा. मी तिच्यावरच खेकसलो, की तुला तरी नीट ऐकू येतं का. त्यावर तिनं पुन्हा टाकीला कान लावला.

हल्ली ती फारशी बोलतच नाही. लाकडाच्या वखारीपाशी काय झालं ते तुला कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नव्हतो. गेल्या महिन्यात तिला बाजारातून घेऊन येत होतो, गाडी रिकामी होती म्हणून बरं. वखारीच्या उतारावर समोर रस्ता दिसत होता, आणि मग दिसेना. झोप नव्हती पोरी, आतला दिवाच गेला. भानावर आलो तेव्हा स्टिअरिंगवर तिचे दोन्ही हात होते आणि गाडी ओंडक्यांच्या ढिगाला धडकून थांबली होती. एक माणूस सायकल टाकून पळाला होता म्हणून वाचला. सायकल चाकाखाली होती. मी म्हणालो, डुलकी लागली. तिनं त्या माणसाची हात जोडून माफी मागितली आणि घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. माझ्या मागे लागून लागून शेवटी डॉक्टरकडे नेलं तेही तिनंच.

काल मात्र मी इरेला पेटलो. टाकीपासून पाइप बोटांनी चाचपत निघालो. पाइप मध्येच वर केबिनमध्ये शिरतो, थेट माझ्याच सीटखाली, आणि तिथे डिझेल अडवायचा कॉक आहे. मीच बसवलेला, तुझ्या जन्माआधी, रात्री कुणी गाडी पळवू नये म्हणून. तेव्हा तुझी आई माझ्याबरोबर फिरायची, आणि मुक्कामाला गाडी लागली की कॉक बंद करायचं काम तिचं. पुढे आपण शेड बांधली आणि कॉक तसाच उघडा गंजत पडला. वर पोती, जॅक, फाटक्या ट्यूबा. मी तर विसरूनच गेलो होतो. काखेत कळसा अन् गावाला वळसा! सगळं उपसलं, तर कॉक बंद. गच्च आवळून बंद. आणि गंज सुटावा म्हणून त्यावर तेल सोडलेलं, पातळ, पांढरं, शिवणयंत्राचं. ते तेल आपल्या घरात कोण वापरतं हे तुला सांगायला नको.

असा राग आला म्हणून सांगू! आठवडाभर मला गाल फुगवायला लावले, आणि वर पुन्हा फुंका म्हणते! तसाच तणतणत तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. ती शिवत होती. मला बघून तिचे पाय यंत्रावर थांबले. मान वर न करता तिनं विचारलं, सापडलं का हो काही? भ्यायली होती ती, पोरी. मला. इतक्या वर्षांत तिला माझ्या ओरडण्याची कधी भीती वाटली नाही, आणि काल वाटली. मी म्हणालो, नाही, पंप पुन्हा खोलावा लागेल. तिनं हं केलं आणि यंत्र चालू केलं. गाडी चालवू नका असं ती तोंडानं म्हणाली असती, तर मी घर डोक्यावर घेतलं असतं आणि चावी घेऊन निघून गेलो असतो. हे तिला माहीत आहे. मलाही माहीत आहे.

म्हणून हे पत्र. तू ये. मोठा माल घेऊन येणारी गिऱ्हाइकं तुझ्या धंद्यातले छोटे टेम्पो बघून परत जातात, म्हणून ट्रक हवा, असं आईच्या समोर म्हण. मी आधी आकांडतांडव करेन, ते मनावर घेऊ नकोस, शेवटी देईन. मीच दिला असं तिला वाटू दे. कॉकचं मला कळलंय हे तिला कळता कामा नये. मी घरात चहा घेत बसेन, तेवढ्यात तू सीटखाली हात घाल, कॉक उघड, पाइपातली हवा काढ आणि गाडी घेऊन जा. पण उशीर करू नकोस. सकाळ झाली की पंप बघतो म्हणून मी शेडमध्ये जाणार, आणि हात आपोआप तिथे जाणार. आजच मी कॉक अर्धा उघडला होता.

तुझाच हट्टी,
बाबा