जहागीरदारणीच्या पिंजऱ्याची अखेरची व्यवस्था

भूगोलाच्या बाई, तिसऱ्या मजल्यावरच्या पोपटवाल्या काकू आणि एकेचाळीस वर्षे माझी पत्नी: लोक तुला ज्या ज्या नावांनी ओळखत, ती सर्व लिहून हे मृत्युपत्र तुला उद्देशून करीत आहे. मृत व्यक्तीस उद्देशून दस्त लिहीत नाहीत, असे वकिलांनी बजावले. सल्ला योग्य आहे. मानलेला नाही.

मी, वजनमापे खात्याचा निवृत्त निरीक्षक, वय वर्षे एकोणसत्तर, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती नातेवाइकांची गैरसोय व्हावी इतकी चांगली आहे आणि हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचा दबाव नाही. यापूर्वीचा मसुदा रद्द समजावा. तो का रद्द झाला, ते कलम पाचमध्ये येईल.

कलम एक. तीन खोल्यांचे राहते घर, भांडीकुंडी व कपाटांसह, तुझ्या थोरल्या ताईंना मिळावे. ही तुझी इच्छा होती, माझी नाही. हे कलम ऐकताना ताईंनी रुमाल काढू नये. त्यांना रडू हुकमी येते, हे मी त्यांच्या घरच्या तीन लग्नांत आणि एका घरफाळ्याच्या नोटिशीच्या वेळी पाहिले आहे. त्या घरात त्यांनी कोणताही पक्षी पाळू नये, एवढी एकच अट.

कलम दोन. माझा पितळी तराजू व तपासणीची वजने नाक्यावरच्या दाणेवाल्यास द्यावीत. तुझ्या पक्ष्यांसाठी तो वीस वर्षे राळे मोजून देत आला. खरा तराजू त्याच्या दुकानात एकदा तरी असावा.

कलम तीन. तुझे चार बजरीगर पोपट, चारही नर, आणि तुझी निळी वही तळमजल्यावरच्या सुतारांना द्यावी. वहीतील नियम दस्तात आले म्हणजे कोणाला 'आम्हाला ठाऊक नव्हते' म्हणता येणार नाही, म्हणून उतरवून देतो. नवा पक्षी आणल्यावर चाळीस दिवस दुसऱ्या खोलीत ठेवावा. आजार असेल तर तेवढ्यात कळतो. नंतर पिंजरे शेजारी ठेवावेत, पण एकाची चोच दुसऱ्याच्या बोटांना लागणार नाही इतक्या अंतरावर. एकत्र सोडताना पिंजरा कोणाचाच नसावा: नवा आणावा, नाहीतर जुना धुऊन त्यातील दांड्या व झोपाळे हलवावेत. पिंजरा उंच नको, लांब हवा. दाण्याच्या वाट्या पक्ष्यांहून एकने जास्त आणि सर्व एकाच उंचीवर. आणि घरट्याचा खोका कधीही टांगू नये. या शेवटच्या ओळीखाली तू दोन रेघा मारल्या होत्यास.

कलम चार. तू दवाखान्यात असताना ताई मदतीला म्हणून आल्या. मदत अशी की मी घरात माझाच चहा विचारून घेऊ लागलो. सोबत त्यांनी त्यांची हिरवी मादी आणली होती. ती त्यांनी त्याच दुपारी तुझ्या पिंजऱ्यात सोडली आणि वर एक लाकडी खोका टांगला. मी तुझी वही पुढे केली.

"भाऊजी, पक्षीच ते! दोन दिवस कलकलाट करतील, मग गुण्यागोविंदानं राहतील. माणसांना कोणी चाळीस दिवस वेगळं ठेवतं का? माझ्या सासूबाईंनी मला पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात ढकललं होतं."

"मग काय झालं?"

"सहा महिन्यांत त्याच वेगळ्या राहायला गेल्या," ताई म्हणाल्या, आणि अभिमानाने म्हणाल्या.

मी वही मिटली. ही माझी पहिली चूक. मादीने खोक्याचा ताबा घेतला आणि जवळ येईल त्याच्यावर धावू लागली. नवव्या दिवशी तुझा निळा नर, मास्तर, पिंजऱ्याच्या तळाशी सापडला. पाय फाटला होता, रक्त फार गेले होते. ताई म्हणाल्या, "म्हाताराच होता तो." दुसऱ्या दिवशी त्या आपल्या गावी गेल्या आणि मादी ठेवून गेल्या. ताईंनी जावे आणि मादीला न्यावे अशी माझी इच्छा होती. त्यातली निम्मीच पुरी झाली. त्या मादीस मी जहागीरदारीण म्हणतो. तिला मी वेगळ्या पिंजऱ्यात घालून स्वयंपाकघरात ठेवले.

कलम पाच. पहिल्या मसुद्यात मी असे लिहिले होते की जहागीरदारणीला आजन्म एकटीच ठेवावे आणि माझ्या पश्चात त्याच खोक्यासह ताईंच्या दारात नेऊन ठेवावे. साक्षीदार म्हणून बोलावलेल्या पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी ते वाचून पेन खाली ठेवले.

"काका, हे मृत्युपत्र आहे की फिर्याद?"

"तिने खून केला आहे."

"खोका तिने टांगला होता? मादीला खोका दाखवला की ती तो राखणारच. कुठे असते ती हल्ली?"

मी स्वयंपाकघर दाखवले. त्या बराच वेळ पिंजऱ्यापाशी वाकून उभ्या होत्या. मादीने छातीवरची पिसे उपटून टाकलेली होती.

"तुम्ही रागावला आहात, हे तिला काय कळतंय? चौदा महिने समोर फ्रिज आहे, एवढंच तिला दिसतंय. मी सही करणार नाही. आणि खरं सांगा, तुमचा राग नक्की कोणावर आहे?"

त्याचे उत्तर पुढच्या कलमात देतो.

कलम सहा. हे कलम ताईंसमोर मोठ्याने वाचावे. तू घरी येण्याच्या आदल्या दिवशी मी बाजारातून मास्तरसारखाच निळा, गळ्याखाली तसेच ठिपके असलेला नर आणला आणि थेट पिंजऱ्यात सोडला. चाळीस दिवस नाही, चाळीस मिनिटेही नाही. घरी येताच तू पिंजऱ्यात बोट घातलेस; मास्तर त्यावर येऊन बसत असे. तो दूरच्या कोपऱ्यात सरकला.

"अहो, हा मास्तर नाही."

मी सांगितले, मास्तर म्हातारपणाने गेला.

"आणि याला किती दिवस वेगळा ठेवला होता?"

"चाळीस."

तू म्हणालीस, "मी दवाखान्यात सव्वीस दिवस होते."

एवढेच. पुढचे नऊ दिवस तू त्याला 'बदली' म्हणून हाक मारलीस, त्याला आपल्या हाताने राळे चारलेस आणि मला एका शब्दाने दोष दिला नाहीस. दहावा दिवस उजाडला नाही. दुसऱ्यांची वजने तपासण्यात माझा जन्म गेला, आणि तुला मी खोटे माप दिले. ते मला सोसवेना, म्हणून चौदा महिने पावशेर वजनही नसलेल्या एका जिवाला कोंडले. या कबुलीचा अर्थ ताईंना क्षमा केली असा कोणी लावू नये. केलेली नाही.

कलम सात. सुधारित व्यवस्था माझ्या मरणाची वाट न पाहता केली आहे. सुतारांनी तळमजल्यावरची त्यांची रिकामी खोली मोकळी करून दिली आणि हातभर उंच, चार हात लांब पिंजरा बांधला. गेले दोन आठवडे जहागीरदारीण आणि चौघे त्या खोलीत शेजारी पिंजऱ्यांत होते. आज सकाळी वहीप्रमाणे सहा वाट्या लावल्या, खोका लावला नाही, आणि डॉक्टरीणबाईंच्या देखत आधी तिला व मग चौघांना नव्या पिंजऱ्यात सोडले. तिने एकदा चोच उगारली. बदली पळाला नाही. दांडीवर चार बोटे बाजूला सरकला आणि दाणे खाऊ लागला. थोड्या वेळाने तीही खाली उतरली. आम्ही साडेतीन तास बसून होतो. इजा कोणालाही नाही.

संध्याकाळी पाचही पक्षी वर घरी न्यावेत, असे ठरले होते. नेले नाहीत. वरचे घर चौघांचे आहे. तेथे ती पुन्हा परकी ठरेल. म्हणून कलम तीनमधील दान आजपासूनच लागू, आणि ते पाच पक्ष्यांचे समजावे.

सुतार या दस्ताने लाभार्थी असल्याने साक्षीदार नाहीत. ते बाहेर रंधा मारीत होते. खालील दोघांनी माझी सही प्रत्यक्ष पाहून, माझ्यासमोर आपापली सही केली.

साक्षीदार: १. पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई (सही). २. वाचनालयाचे ग्रंथपाल (सही).
लिहून ठेवणार: निवृत्त निरीक्षक (सही).
स्थळ: सुतारांची खोली, तळमजला.
दिनांक: १९ मार्च, बुधवार.

टीप. सह्या झाल्यावर वाट्या भरल्या, पाणी बदलले, पिंजऱ्यावर अर्धे कापड टाकले. सुतार म्हणाले, "एक किल्ली ठेवा की साहेब, केव्हाही या." मी म्हणालो, "दार वाजवून येईन." सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी खोलीला कुलूप लावले व दोन्ही किल्ल्या त्यांना परत केल्या.