खिडकीजवळचं टेबल

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. नवी वही, डावीकडे समास आखलेला, निळी शाई. ही वही फक्त माझ्यासाठी. ह्यांना बजावून ठेवलंय, वाचलीत तर याद राखा. ह्यांनी पेपरमधून मान वर न करता विचारलं, वाचण्यासारखं काय असणार आहे? पुरुष रिटायर झाला की त्याची जीभ नोकरीला लागते.

मुख्य बातमी. डिपार्टमेंटच्या बोर्डावर फेलोशिपची नोटीस लागली. सगळ्या विषयांच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी, सगळ्यांत मिळून जागा एकच, मुदत दोन वर्षं. वयाची अट नाही. चष्मा पुसून पुन्हा वाचलं, खरंच नाही. मानधनही आहे, पण मला त्याचं काही नाही. फेलोशिप ज्याला मिळते त्याला संशोधन-खोलीतलं खिडकीजवळचं टेबल मिळतं. ड्रॉवरवालं. आणि ड्रॉवरची किल्ली.

अठ्ठावन्न वर्षांत मला स्वतःचं टेबल नव्हतं. शाळेत बाक होता, तोही दोघींत एक. लग्नानंतर जेवणाचं टेबल, दुपारी दोन ते तीन माझं. सध्या प्रबंध इस्त्रीच्या टेबलावर चालू आहे. दुसऱ्या प्रकरणाच्या चाळिसाव्या पानावर इस्त्रीचा तपकिरी त्रिकोण उमटलाय. मजकुराला बाधा नाही.

संकल्प: रोज दोन पानं लिहायची. तिसरं प्रकरण महिनाअखेर सरांच्या हातात. दुसऱ्यांच्या कामात नाक खुपसायचं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

सर म्हणजे माझे गाइड. माझ्या मुलीच्या वयाचे आहेत, पण सर ते सर. मला जिन्यात पाहिलं आणि वळून दुसऱ्या जिन्याने गेले. बाईमाणसाला अशी वाट मोकळी करून देणारे पुरुष आता उरलेत किती?

वर जाऊन गाठलंच. फेलोशिपला आपल्याकडून माझंच नाव ना, म्हणून विचारलं. ते म्हणाले, मॅडम, तिसरं प्रकरण कुठवर आलं? म्हणजे हो. उगाच का विचारतील?

माझा विषय 'प्रगतिपुस्तकांतील शेरे'. तीनशे बारा जुनी प्रगतिपुस्तकं जमवलीत. माझी स्वतःची माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत. सगळ्यांवर 'उत्तम' असा शेरा आहे, हे मला पाठच आहे. परिशिष्टात घालीन. थोडं आत्मस्तुतीसारखं दिसेल, पण संशोधनात सत्य लपवून कसं चालेल?

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी सात

अर्जासोबत 'माझ्या संशोधनाचा हेतू' हा दोन पानी मजकूर द्यायचाय, स्वतःच्या हस्ताक्षरात. ही अट ज्याने कोणी घातली असेल त्याचं भलं होवो. आमच्या शाळेत सिस्टर नीटनेटकेपणाला वेगळे पाच गुण देत. माझे कधी गेले नाहीत.

चहा गाळताना पहिलं वाक्य सुचलं. गाळणी तशीच ठेवून लिहिलं: 'वयाच्या सातव्या वर्षी मी एका बंद कपाटासमोर उभी होते, आणि त्याच्या आत काय असेल हा प्रश्न मला आजवर सोडून गेलेला नाही.'

हे अगदी खरं आहे. शाळेच्या लायब्ररीतलं काचेचं कपाट. किल्ली सिस्टरांच्या कमरेला, जपमाळेच्या शेजारी. त्या चालल्या की दोन्ही किणकिणत. तिसऱ्या फळीवर निळ्या पाठीचं एक जाड पुस्तक होतं. मी काचेवर नाक टेकवून उभी राही आणि काचेवर वाफेचा गोल उमटे. मग गोल पुसायचा आणि पुन्हा नाक टेकवायचं.

डोळे भरून आले. ह्यांना वाचून दाखवलं. छान आहे म्हणाले, आणि पुढे काय म्हणून विचारलं. पुढचं उद्या. असं वाक्य लिहिल्यावर माणसाला विश्रांती लागते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चष्मेवाली भेटली. आमच्याच डिपार्टमेंटची, हॉस्टेलवर राहते, चष्मा सारखा नाकावरून घसरतो. फेलोशिप मिळाली नाही तर जूनमध्ये तिला घरी बोलावून घेणार, वडिलांच्या दुकानात बसवणार. काकू, एकदाच नजर टाका ना, म्हणाली.

नजर टाकली. पहिलं वाक्य: 'सदर संशोधनाचा उद्देश पुढीलप्रमाणे आहे.' पाण्याच्या पंपाच्या खोक्यावर सूचना छापतात तसं. पोरीचं काम चांगलं, पण भाषा अशी की आत कोणी शिरूच नये. माझं वाक्य तिला दाखवलं, फक्त नमुना म्हणून. तुझ्या शब्दांत बदलून घे म्हणून दोनदा सांगितलं. मग तिची दोन्ही पानं लावून दिली, समासासकट.

संकल्प मोडलेला नाही. नाक खुपसलं नाही, पेन चालवलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चष्मेवालीने अर्ज देऊनसुद्धा टाकला. तिची रूममेट आली, वनस्पतिशास्त्राची. तिच्यामागून दाढीवाला, भूगर्भशास्त्राचा. मग रसायनशास्त्राची एक मुलगी, जिला सारख्या शिंका येतात. तिघांनाही तोच नमुना. दाढीवाल्यासाठी 'उभी होते'चं 'उभा होतो' मी स्वतः केलं. इतकं बारकाईने कोण करतं? त्याच्या कपाटात दगड आहेत, शिंकरीच्या कपाटात बरण्या, रूममेटच्या बिया. सगळ्यांना सांगितलं, नंतर बदला हं. सगळ्यांनी माना हलवल्या.

तिसरं प्रकरण: शीर्षक लिहिलं. पट्टीने अधोरेखित केलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

माझ्या अर्जाच्या दुसऱ्या पानावर शाईचा ठिपका पडला. पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी समास दोन सूत कमी भरला. पुन्हा पहिल्यापासून.

मुलीचा फोन. तिला सगळं सांगितलं, तर म्हणाली, आई, म्हणजे चार जणांचे अर्ज झाले आणि तुझाच राहिला? तू शाळेतही अशीच होतीस का गं? मी म्हटलं, माझ्या प्रगतिपुस्तकाला विचार. म्हणाली, काढ की मग ट्रंक. माझी कंबर दुखते आणि हे स्टुलावर चढायला तयार नाहीत. नाहीतर आत्ता दाखवलं असतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटचा दिवस. ऑफिस बंद व्हायला दहा मिनिटं असताना पोचले. क्लार्क कुलूप शोधत होता. म्हणाला, अहो मावशी, सगळ्यांचे कधीच आले, तुम्हीच तेवढ्या उरला होतात. मी त्याला सांगितलं की मी कोणाची मावशी नाही, अर्जदार आहे. बरं, अर्जदार मावशी, म्हणाला आणि शिक्का मारला. नेमका माझ्या समासावर, तिरका.

एकूण अर्ज पाच. माझा पाचवा. शेवटचं नाव लक्षात राहतं.

८ मार्च, शनिवार

संशोधन-खोलीच्या दारावरच्या काचेतून आत पाहून आले. टेबल जागेवर आहे. खिडकीबाहेर सगळं हिरवं, दाट झाड असणार. इतक्या लांबून पानं वेगळी दिसत नाहीत, पण वाऱ्याने हलत होती.

खिडकीचा अंदाज घेऊन पडद्याचं कापड आणलं. पेनं ठेवायला पितळी पेला. ह्यांनी विचारलं, निकाल लागला का? मी म्हटलं, निकाल ही औपचारिकता असते. ह्यांनी कापडाचं बिल घडी करून खिशात ठेवलं. दुकान सात दिवसांत माल परत घेतं, एवढंच म्हणाले.

२० मार्च, गुरुवार. दुपारी तीन

मुलाखत झाली. घडलं तसं लिहिते.

बाहेर बाकावर आम्ही पाचही जण. एकेक जण आत जाई, आतून हसण्याचा आवाज येई, आणि एकेक जण पांढरा पडून बाहेर येई. मला वाटलं, वातावरण खेळीमेळीचं दिसतंय. दाढीवाला माझ्याकडे न बघताच जिना उतरला.

मी आत गेले. कमिटीत तिघं, मधोमध अध्यक्षबाई. त्यांनी टेबलावर पाच अर्ज ओळीने मांडले होते, पत्ते मांडावेत तसे. म्हणाल्या, पाच जण वयाच्या सातव्या वर्षी बंद कपाटासमोर उभे होते. एकाच्या कपाटात दगड, एकीच्या बिया, एकीच्या बरण्या, दोघींच्या पुस्तकं. मॅडम, एवढी रांग लागली होती तर कपाट उघडलं का नाही कोणी?

बाकीचे दोघे रुमालात हसले.

मग बाई गंभीर झाल्या. आधीच्या चौघांनीही वाक्य आपलंच म्हणून सांगितलं होतं, जमिनीकडे बघून. माझं नाव एकानेही घेतलं नाही. गुणी आहेत पोरं. बाई म्हणाल्या, वाक्य ज्याचं असेल त्याचा अर्ज राहील, बाकीचे नकलेचे म्हणून बाद. सर्वांत आधीचा शिक्का चौदा तारखेचा, त्या चष्मेवाल्या मुलीचा. शेवटचा तुमचा. तुमचं म्हणणं काय?

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. किल्ली, जपमाळ, तिसरी फळी, निळं पुस्तक, वाफेचा गोल. शपथेवर सांगता आलं असतं.

नेमका घसा बसला. काल पंख्याखाली झोपले होते त्याचा परिणाम. पाणी प्यायले. मग म्हणाले, शिक्का जिचा आधी, कपाट तिचंच असेल.

हे केवळ सौजन्य म्हणून म्हटलं. अनुभवी लोकांना अस्सल काय ते कळतंच. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या अर्जावर काहीतरी लिहिलं. अक्षर फार वाईट, वाचता आलं नाही. पण शब्द दोन होते. 'अति उत्तम' हे दोनच शब्द होतात.

बाहेर चष्मेवाली रडत उभी. काकू, मी आत जाऊन खरं सांगते, म्हणाली. मी तिला म्हटलं, गप्प बस, कपाट काय जगात एकच होतं? आधी चष्मा पूस, डाग पडतात.

२ एप्रिल, बुधवार

निकाल लागला. चष्मेवाली.

कमिटीची तांत्रिक चूक असणार. बाहेरची माणसं, त्यांना विषय तरी कुठे माहीत.

जिन्यात सर भेटले. आज वळले नाहीत. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि माझ्याबरोबर एक मजला चढून वर आले. तिसऱ्या प्रकरणाचं विचारलं नाही.

पडद्याचं कापड परत घ्यायला दुकानदार तयार नाही. सात दिवस कधीच उलटले. ह्यांना वाटलं होतं मी बिल मागेन. मी मागितलं नाही. रात्री माझ्या ताटाजवळ पाणी सांडलं, ते ह्यांनीच पुसलं.

८ एप्रिल, मंगळवार

चष्मेवालीने बोलावून घेतलं. तिचं माहिती गोळा करायचं काम सकाळी बाहेर असतं, टेबल अकरापर्यंत रिकामंच. तिने ड्रॉवरची दुसरी किल्ली करून आणली होती, लाल दोऱ्यात ओवलेली. काकू, सकाळचं टेबल तुमचं, म्हणाली. वडिलांना फोन केला का, विचारलं. म्हणाली, केला, दुकानात आता धाकटा बसणार.

मी खुर्चीत बसले. ड्रॉवर उघडला, बंद केला, उघडला. मग खिडकी उघडली.

बाहेर झाड नाही. शेजारच्या इमारतीची डागडुजी चाललीय, तिला वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी गुंडाळलीय. वारा आला की फुगते.

लांबून झाडच वाटतं. मी अकरापर्यंत बघत होते. पडदा उद्या लावीन.

१२ एप्रिल, शनिवार. सकाळी दहा

आता टेबल आहे, तेव्हा सबब नाही. तिसरं प्रकरण स्वतःच्या प्रगतिपुस्तकापासून सुरू करायचं ठरवलं. हे आपणहून स्टुलावर चढले आणि ट्रंक खाली काढली. वर वळकटी, खाली लोकरीचे कपडे, त्याखाली प्रगतिपुस्तकं, कापडात बांधलेली.

सहावीचं ह्यांनीच उघडलं आणि मोठ्याने वाचलं. सिस्टरांचं अक्षर, ते डावीकडे कललेलं, लगेच ओळखलं. 'उत्तम' आहे. मला पाठ होतं ते चूक नव्हतं. फक्त त्याच्या पुढचं मी विसरले होते.

'अक्षर उत्तम. मात्र ते स्वतःच्या वहीपेक्षा शेजारणीच्या वहीत अधिक आढळते.'

ह्यांनी प्रगतिपुस्तक मिटलं. मला वाटलं हसतील. चहा टाकू का, विचारलं फक्त.

तिसऱ्या प्रकरणाचं पहिलं वाक्य मिळालं. तीनशे बारांत असा शेरा नाही. हे वाक्य कोणालाही द्यायचं नाही. नमुना म्हणूनसुद्धा नाही.

त्याच दिवशी, दुपारी चार

शिंकरी येऊन गेली. तिला दुसऱ्या कुठल्या तरी शिष्यवृत्तीचा अर्ज करायचाय, सुरुवात अडलीय. मी काहीही दिलं नाही. नुसतं वाचून दाखवलं.

तिने उतरवून घेतलं. मग मी तिला समास आखून दिला.